स्वर्गात विश्वास आणि आशा उरतात का?

१ नोव्हेंबर १३३१. सर्व संतांचा सण. आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेला, ऱ्होन नदीकाठच्या आविन्यों शहरात पोप जॉन बाविसावे प्रवचनाला उभे राहिले. पोपचं आसन त्या काळात रोम सोडून आविन्योंला आलेलं होतं. नव्वदीकडे झुकलेले हे पोप कायद्याचे जाणकार आणि कारभारात कडक म्हणून ओळखले जात. त्या दिवशी त्यांनी केलेल्या एका विधानाने ख्रिस्ती युरोप ढवळून निघाला. त्यांचं म्हणणं असं : संतांच्या आत्म्यांनाही अजून देवाचं साक्षात दर्शन झालेलं नाही. ते ख्रिस्ताच्या मानवी रूपाच्या सान्निध्यात विसावले आहेत. देवाला समोरासमोर पाहणं मात्र जगाच्या अखेरीस, मृतांचं पुनरुत्थान आणि अंतिम न्याय झाल्यावरच घडेल.

डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत पोपनी हेच पुन्हा मांडलं, आणि वाद पेटला. भाविक पिढ्यान् पिढ्या संतांना साकडं घालत आले होते. संत देवासमोर उभे आहेत म्हणून त्यांच्या शब्दाला वजन आहे, अशी साधी समजूत होती. आता पोपच सांगत होते की संतही ताटकळत थांबले आहेत. थॉमस वॉलिस या इंग्लिश डोमिनिकन धर्मगुरूने १३३३ च्या जानेवारीत आविन्योंतच याच्या उलट प्रवचन केलं आणि त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याने पॅरिसच्या ईश्वरशास्त्र्यांना बोलावून घेतलं. त्यांनी पोपच्या मताविरुद्ध कौल दिला. पोपशी आधीच बिनसलेला तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम म्युनिकमध्ये राजाश्रयाला होता. त्याने तर पोपनाच पाखंडी ठरवलं.

हा निव्वळ विद्वानांचा कलह नव्हता. ज्याने देवाला पाहिलेलं नाही तो देवावर विश्वास ठेवतो. ज्याच्या हाती हवं ते आलेलं नाही तो आशा धरतो. संतांना दर्शन अजून व्हायचं असेल, तर स्वर्गातही विश्वास आणि आशा चालूच आहेत. दर्शन झालं असेल, तर दोन्हींचं काम संपलं. ज्या दोन गोष्टींच्या बळावर ख्रिस्ती माणूस आयुष्य काढतो, त्या मरणानंतर त्याच्याबरोबर जातात की अलीकडेच राहतात? दोन हजार वर्षं ख्रिस्ती विचारवंत या प्रश्नाशी झुंजत आले आहेत आणि त्यांची उत्तरं एकसारखी नाहीत.

करिंथच्या भांडखोर मंडळीला पत्र

सगळ्या चर्चेचं मूळ प्रेषित पौलाच्या एका वाक्यात आहे. इ.स. ५४ च्या सुमारास पौलाने इफिस शहरातून करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. करिंथ हे दोन बंदरांच्या मधलं, पैसा खेळणारं शहर. रोमन सैन्याने इ.स.पू. १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केलं होतं; ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये ते नव्याने वसवलं. तिथल्या मंडळीत गट पडले होते. प्रभुभोजनाला जमले की खाऊनपिऊन सुखी असलेले आधी ताव मारत आणि गरीब उपाशी राहत. कोणाला भविष्यवाणीचं दान आहे, कोण अनोख्या भाषांत बोलतो, कोण ज्ञानी, यावरून चढाओढ लागलेली असे.

अशा माणसांना पौल पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीबद्दल सांगतो. तुम्ही ज्यांचा तोरा मिरवता ती भविष्यवाणी, त्या भाषा, ते ज्ञान, सगळं एक दिवस संपणार आहे, असं तो बजावतो. मग तो आरशाचा दाखला देतो. तेव्हाचा आरसा काचेचा नसे. घासून चकचकीत केलेली काशाची चकती, मागे मूठ. चार दिवस हात लावला नाही की ती काळवंडायची, आणि स्वच्छ असली तरी त्यात चेहरा पुसट, पिवळसर दिसायचा. करिंथ काशाच्या कामासाठी नावाजलेलं होतं, त्यामुळे वाचणाऱ्यांना हा दाखला लगेच पटला असणार. आज आपण देवाला असं अंधूक पाहतो, पुढे समोरासमोर पाहू, असं पौल म्हणतो. आणि लगेच पुढे लिहितो की विश्वास, आशा आणि प्रीती ही तीन टिकतात, आणि त्यांत प्रीती सर्वांत मोठी.

पेच इथेच आहे. वाक्याच्या आरंभी ‘आता’ असा अर्थ देणारा शब्द आहे आणि तो दोन तऱ्हांनी वाचता येतो. ‘आताच्या या आयुष्यात’ असा घेतला, तर तिन्ही गोष्टी इथपुरत्या आणि पुढे एकटी प्रीती जाणार. ‘तर आता सार काय’ असा घेतला, तर बाकीची दानं गळून पडल्यावरही ही तिन्ही कायम राहणार. पौलाची इतर पत्रं पहिल्या बाजूला झुकतात. जे डोळ्यांसमोर आहे त्याची आशा कोण धरतो, असं तो रोमकरांना विचारतो. आपली आजची वाटचाल विश्वासाने आहे, पाहून नाही, असं तो करिंथकरांना दुसऱ्या पत्रात सांगतो. तेराव्या अध्यायातलं ते एक वाक्य मात्र तिन्ही नावं एका दमात घेतं आणि तिन्ही टिकतात म्हणतं.

थॉमसचा काटेकोर हिशेब

पश्चिमेकडच्या चर्चला दिशा दिली ती ऑगस्टीनने. तो हिप्पोचा, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या अन्नाबा शहराचा बिशप. विश्वास, आशा आणि प्रीती या तिन्हींभोवती गुंफलेलं एक छोटेखानी पुस्तक त्याने इ.स. ४२१ च्या सुमारास लिहिलं. बायबल कसं वाचावं यावरच्या ग्रंथात त्याने आपलं मत स्पष्ट केलं आहे : विश्वासाच्या जागी दर्शन येईल, आशेच्या जागी प्रत्यक्ष सुख येईल, प्रीती मात्र कमी व्हायच्याऐवजी वाढेल. एखादी ऐहिक वस्तू मिळेपर्यंत हवीहवीशी वाटते आणि मिळाली की तिची गोडी ओसरते. देवाच्या बाबतीत उलट घडतं, हे त्याचं निरीक्षण आजही विचार करायला लावणारं आहे.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने या मताला तर्काची चौकट दिली. त्याच्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात मरणानंतर कोणते सद्गुण उरतात याची सविस्तर चर्चा आहे. थॉमसची रीत ठरलेली : आधी प्रश्न, मग स्वतःच्या मताविरुद्धचे आक्षेप शक्य तितक्या जोरकसपणे, मग आपलं उत्तर, आणि शेवटी एकेका आक्षेपाचा समाचार.

विश्वासाबद्दलचा एक आक्षेप असा. विश्वास हा ख्रिस्ती जीवनाचा पाया आहे. पायाच काढून घेतला तर वरची इमारत कोसळेल. मग विश्वास गेल्यावर प्रीती तरी कशी उभी राहील? थॉमसचं उत्तर असं की विश्वास पाया आहे तो त्यात असलेल्या देवाविषयीच्या ज्ञानामुळे. दर्शनात तेच ज्ञान पूर्णत्वाला जातं. म्हणजे पाया निघत नाही, अधिक भक्कम होतो.

त्याचा मूळ युक्तिवाद व्याख्येवर उभा आहे. न पाहिलेल्याला मान्यता देणं हे विश्वासाच्या व्याख्येतच आहे. न मिळालेल्याची वाट पाहणं हे आशेच्या व्याख्येतच आहे. दोन्हींमध्ये उणीव अंगभूत आहे. उणीव भरून निघाली की त्या त्या रूपात राहू शकत नाहीत. प्रीतीच्या व्याख्येत अशी कसलीच उणीव नाही. दूर असलेल्यावर प्रेम करता येतं, तसंच जवळ असलेल्यावरही. म्हणून ती उंबरठा ओलांडू शकते. विश्वासातला अंधार जातो आणि त्यातलं ज्ञान तेवढं मागे राहतं, असा मधला मार्ग काही जणांनी सुचवला होता. थॉमसला तोही मान्य नव्हता. अंधार वजा केल्यावर जे उरतं त्याला विश्वास म्हणणं चूक, असं तो ठामपणे सांगतो.

हा नियम त्याने थेट येशूलाही लावला. थॉमसच्या मते येशूला पृथ्वीवर असतानाच देवाचं दर्शन अखंड होत होतं, म्हणून येशूच्या ठायी ‘विश्वास’ हा गुण नव्हता. ऐकणाऱ्याला धक्का बसेल असा हा निष्कर्ष आहे, पण थॉमस आपल्या तर्काला इतका प्रामाणिक होता की तिथेही तो थांबला नाही.

दान्तेची तोंडी परीक्षा

थॉमस १२७४ मध्ये वारला. पुढे दान्तेने ‘डिव्हाइन कॉमेडी’त हाच विचार कवितेत उतरवला. काव्यातला दान्ते जिवंतपणी परलोकाच्या प्रवासाला निघालेला आहे. स्वर्गाच्या भागात, चोविसाव्या ते सव्विसाव्या सर्गांत त्याची चक्क तोंडी परीक्षा होते. संत पेत्र त्याला विश्वासाबद्दल विचारतो, संत याकोब आशेबद्दल आणि संत योहान प्रीतीबद्दल. विद्यापीठातला विद्यार्थी गुरूंपुढे उभा राहावा तसा दान्ते व्याख्या, आधार, पुरावे सांगत जातो.

या प्रसंगाची रचना बघण्यासारखी आहे. स्वर्गातल्या तिन्ही परीक्षकांना विश्वासाची आणि आशेची आता गरज उरलेली नाही. परीक्षा द्यायची आहे ती अजून वाटेवर असलेल्याला. योहानाच्या तेजाकडे टक लावून पाहताना दान्तेची दृष्टी जाते आणि प्रीतीची परीक्षा तो काही दिसत नसतानाच देतो. परीक्षा संपल्यावर नजर परत येते, आधीपेक्षा तेज होऊन. दर्शनाच्या लोकात पोचूनही प्रीतीची कसोटी दान्तेने अंधारात ठेवली. कवीने केलेलं हे भाष्य शास्त्र्यांच्या ग्रंथांहून कमी नाही.

आविन्योंचा निकाल

पोप जॉन १३३४ च्या डिसेंबरात मरणशय्येवर होते. ३ तारखेला त्यांनी कार्डिनल मंडळींना बोलावून आपलं मत मागे घेतलं. शुद्ध झालेले आत्मे देवाला समोरासमोर पाहतात, असं त्यांनी मान्य केलं. देहाविना असलेल्या आत्म्याला जितकं शक्य आहे तितकं, एवढी पुस्ती जोडली. दुसऱ्या दिवशी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या जागी आलेले बेनेडिक्ट बारावे हे मूळचे झाक फुर्निये. पामिए इथे बिशप असताना त्यांनी पाखंडाच्या चौकश्या चालवल्या होत्या. मोंतायू या डोंगराळ खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या आणि मेंढपाळांच्या त्यांनी नोंदवलेल्या जबान्या इतिहासकारांना आजही उपयोगी पडतात. कागदपत्रांतला शब्द न् शब्द तोलणारा हा माणूस. २९ जानेवारी १३३६ रोजी त्यांनी ‘बेनेडिक्टस देउस’ हा फतवा काढून वादावर पडदा टाकला. ज्यांच्यात शुद्ध करण्याजोगं काही उरलेलं नाही, अशा आत्म्यांना मरणानंतर लगेच, देह परत मिळण्याच्या आणि अंतिम न्यायाच्याही आधी, देवाचं थेट दर्शन होतं. त्या दर्शनामुळे विश्वासाच्या आणि आशेच्या कृती संपुष्टात येतात.

मात्र याच वाक्यात बेनेडिक्ट यांनी एक अट घातली आहे. विश्वास आणि आशा हे खास ईश्वरविषयक सद्गुण या नेमक्या अर्थाने जितके आहेत, तितके ते संपतात. म्हणजे देव न दिसता त्याला मान्य करणं संपलं, देव न मिळता त्याची वाट पाहणं संपलं. या शब्दांच्या व्यापक अर्थांबद्दल फतव्याने काहीच निकाल दिला नाही. पुढे कॅथलिक विचारवंतांना जी मोकळीक मिळाली ती याच अटीमुळे.

पूर्वेकडची वाट

ग्रीक भाषेत विचार करणाऱ्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेने वेगळी वाट धरली होती, आणि तीही फार लवकर. आशिया मायनरमधून येऊन ल्योंचा बिशप झालेला इरेनियस इ.स. १८० च्या सुमारास अशा पंथांशी झगडत होता, जे परिपूर्ण गूढज्ञान आपल्याच खिशात असल्याचा दावा करत. त्यांना उत्तर देताना तो म्हणतो की येणाऱ्या युगातही देव शिकवत राहील आणि माणूस शिकत राहील. आधार म्हणून तो पौलाचं तेच वाक्य पुढे करतो : बाकी सगळं गेलं तरी विश्वास, आशा आणि प्रीती तिन्ही राहतील. ऑगस्टीनच्या दोनशे वर्षं आधी त्या वाक्याचं हे दुसरं वाचन रुजलेलं होतं.

चौथ्या शतकात कापादोकियात, म्हणजे आजच्या मध्य तुर्कस्तानात, निस्साचा ग्रेगरी झाला. त्याची मोठी बहीण माक्रिना इ.स. ३७९ मध्ये वारली. ग्रेगरी तिला भेटायला पोचला तेव्हा ती शेवटच्या दुखण्यात होती. भाऊ बासिल नुकताच गेल्याच्या दुःखाने ग्रेगरी खचलेला होता आणि आजारी बहीणच त्याला धीर देत होती. त्या भेटीवर आधारलेला आत्मा आणि पुनरुत्थान यांवरचा संवाद त्याने लिहिला. त्यात माक्रिना गुरूच्या जागी आहे. ती म्हणते की हवं ते हाती आल्यावर आशेला काम उरत नाही, प्रीती तेवढी राहते.

आयुष्याच्या उत्तरार्धात ग्रेगरीने मोशेच्या चरित्रावर ग्रंथ लिहिला आणि तिथे विचार पुढे नेला. बायबलमध्ये मोशे देवाला त्याचं तेज दाखवायला सांगतो. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो आणि केवळ आपली पाठ दिसू देतो. यावर ग्रेगरी विचारतो की पाठ कोणाला दिसते? मागून चालणाऱ्याला. देवाला पाहणं म्हणजे त्याच्यामागे चालत राहणं. देव अनंत आहे, म्हणून त्याच्याकडे जाण्याला शेवट नाही. प्रत्येक तृप्ती पुढची ओढ जागी करते, आणि ही न संपणारी ओढ म्हणजेच खरं दर्शन. अशा स्वर्गात आशेला जागा आहे. तिच्यात हुरहुर नाही, हुकेल अशी धास्ती नाही. पुढे आणखी आहे याची खात्री मात्र आहे.

या दोन वाटा पंधराएक वर्षांत पक्क्या झाल्या. पश्चिमेत १३३६ चा फतवा सांगतो की आत्मे देवाचं मूळ स्वरूप पाहतात. कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ आणि १३५१ च्या परिषदांनी ग्रेगरी पालामास या साधूचं मत उचलून धरलं. त्याच्या मते देवाचं मूळ स्वरूप कोणत्याही निर्मित जिवाला कधीच पाहता येत नाही. माणूस सहभागी होतो तो देवाच्या कृतिशक्तींमध्ये, त्याच्या अनादी प्रकाशामध्ये. पालामासचा प्रतिवादी बारलाम हा १३३९ मध्ये बायझंटाईन सम्राटाचा दूत म्हणून आविन्योंला त्याच बेनेडिक्ट पोपना भेटला होता. दोन्ही परंपरांची माणसं एकमेकांच्या समोर बसत होती, तरी परलोकाचं चित्र एक होऊ शकलं नाही.

या फरकाच्या मुळाशी काळाची कल्पना आहे. आशेला ‘उद्या’ लागतो. थॉमसच्या स्वर्गात दर्शनाला आधी-नंतर नाही. आत्मा देवाच्या शाश्वततेत सहभागी होतो, म्हणून उद्या नाही आणि आशाही नाही. निस्साच्या ग्रेगरीच्या स्वर्गात वाटचाल आहे, म्हणून उद्याही आहे.

पाहूनही विसंबणं

विश्वासाच्या बाबतीत आणखी एक फाटा आहे. विश्वास म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टी खऱ्या मानणं, असा अर्थ घेतला तर थॉमसचं उत्तर अचूक आहे. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी भर दिला तो दुसऱ्या अर्थावर : विश्वास म्हणजे देवाच्या वचनावर आणि कृपेवर भरवसा टाकणं. याचा अर्थ ते सगळे विश्वासाला स्वर्गात घेऊन गेले असा नाही. जॉन कॅल्व्हिनने करिंथकरांच्या पत्रावरच्या भाष्यात विश्वास मरणापलीकडे राहत नाही असंच म्हटलं आहे. अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टनमध्ये १७३८ साली जोनाथन एडवर्ड्सने या अध्यायावर प्रवचनमाला केली. तिचा शेवट त्याने स्वर्ग म्हणजे प्रीतीचं जग या विषयावर केला.

तरी भरवशाचा तो अर्थ एकदा पुढे आला की प्रश्न बदलतो. चाळीस वर्षं संसार केलेलं जोडपं घ्या. एकमेकांचं काही लपलेलं नाही, तरी ती दोघं एकमेकांवर विसंबून असतात, आणि जितकं जास्त ओळखतात तितकं अधिक विसंबतात. पाहिल्याने भरवसा संपत नाही. स्वर्गातला आत्माही स्वतःच्या बळावर उभा नसेल, क्षणोक्षणी देवाकडून जीवन घेत असेल, तर त्याचं विसंबून असणं थांबेल कसं?

विसाव्या शतकात कॅथलिक विचारवंतांनीही हा धागा उचलला. स्वित्झर्लंडचे हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी येशूच्याच विश्वासाबद्दल लिहिलं. पित्याच्या हाती स्वतःला पूर्ण सोपवणं हा विश्वासच होय, अशी त्यांची मांडणी, म्हणजे थॉमसच्या निष्कर्षाच्या नेमकी उलट. जर्मन येशूसंघीय कार्ल रानर यांनी आशेबद्दल तेच केलं. त्यांच्या मते देव दर्शनातही गूढच राहतो; तो कळला म्हणून मुठीत येत नाही. म्हणून स्वतःला सोडून त्याच्या स्वाधीन होणं अनंतकाळ चालू राहतं, आणि या स्वाधीन होण्याचं नाव आशा.

इतरांसाठीची आशा

स्वर्गातल्या आत्म्याला स्वतःसाठी काही मागायचं उरलं नाही असं धरू. पृथ्वीवर राहिलेल्या आपल्या माणसांचं काय? थॉमसने हा प्रश्न टाळला नाही. आपल्याला मिळालेलं सुख दुसऱ्यालाही मिळावं असं धन्य आत्म्यांना वाटतंच, असं तो म्हणतो. फक्त ते वाटणं आशा या गुणातून येत नाही, प्रीतीतून येतं. देह परत मिळण्याची अपेक्षाही त्यांना असते. पण खुद्द देव लाभल्यावर ती गौण ठरते. म्हणजे आशेची कामं थॉमसच्या स्वर्गातही होतात, फक्त ती प्रीतीच्या खात्यावर जमा होतात.

नरकात आशा मुळीच नाही यावर थॉमस आणि दान्ते दोघंही ठाम आहेत. दान्तेच्या नरकाच्या वेशीवर तर आत येणाऱ्याने सगळी आशा बाहेर सोडावी अशी आज्ञाच कोरलेली आहे. या दोन टोकांच्या मध्ये कॅथलिक परंपरेतलं शुद्धिस्थान. तिथल्या आत्म्यांना देव अजून दिसलेला नाही, पण दिसणार हे नक्की. त्यामुळे विश्वास आणि आशा परलोकात खऱ्या अर्थाने नांदतात त्या तिथे. क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याने अकराव्या शतकाच्या आसपास २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस आपल्या मठांमध्ये सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी माणसं कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी मिस्सा होते. आपली प्रार्थना त्यांच्या उपयोगी पडते ही श्रद्धा त्यामागे आहे, आणि तिला अर्थ येतो तो मृतही अजून आशेवर आहेत म्हणून. प्रोटेस्टंट मंडळ्या शुद्धिस्थान मानत नाहीत आणि मृतांसाठी प्रार्थनाही करत नाहीत. त्यांच्याकडे अंत्यविधीत आशेचा उच्चार होतो तो पुनरुत्थानाच्या संदर्भात.

मग उत्तर काय?

इतका इतिहास पाहिल्यावर मला वाटतं की दोन्ही बाजू एकमेकींना वाटतात तितक्या परक्या नाहीत. पाहण्याच्या बदली ठेवलेला विश्वास पाहिल्यावर संपतो, हे पश्चिमेचं म्हणणं खरं आहे. संपू नये असा हट्ट धरणं म्हणजे प्रिय माणूस घरी आल्यावरही त्याचं पत्र धरून बसणं. हातचं जाईल की राहील या धाकधुकीची आशाही तिथे नसावी. ती असेल तर त्या ठिकाणाला स्वर्ग म्हणण्यात अर्थ नाही. पण देवावर विसंबणं आणि त्याच्याकडून नवं काही घ्यायला तयार असणं हे संपत असेल, तर माणूस देवासारखाच स्वयंपूर्ण झाला असं म्हणावं लागेल, आणि तसं कोणतीच ख्रिस्ती परंपरा म्हणत नाही. इरेनियस आणि ग्रेगरी यांचा मुद्दा इथे अढळ आहे. बेनेडिक्ट यांच्या फतव्यातली ती एक अट दोन्ही सत्यांना पुरेशी जागा देते. जे उरतं त्याला विश्वास आणि आशा म्हणायचं की प्रीतीचीच दोन अंगं म्हणायचं, एवढाच मतभेद मग शिल्लक राहतो. मी प्रीतीची अंगं म्हणेन, कारण प्रेम करणारा विसंबतो आणि प्रेम करणारा वाटही पाहतो.

प्रीती टिकते याबद्दल मात्र इरेनियसपासून रानरपर्यंत कोणाचंही दुमत नाही. पोप जॉन यांचे विरोधकही ते नाकारत नव्हते आणि पोपही नाही. या एकमताकडे फारसं लक्ष दिलं जात नाही याचं वाईट वाटतं. इतिहासात ख्रिस्ती माणसांनी एकमेकांना तुरुंगात घातलं, वाळीत टाकलं, जाळलं, ते बहुतेक वेळा योग्य विश्वासाच्या नावाखाली. ज्याला त्यांचंच शास्त्र वाटेपुरतं मानतं त्याच्यासाठी त्यांनी ते मोडलं, जे कायम टिकणार होतं. थॉमस वॉलिसने कोठडीत काढलेले दिवस हा त्याच हिशेबातला एक आकडा.

मराठी ख्रिस्ती लग्नात करिंथकरांच्या पत्राचा तेरावा अध्याय पुष्कळदा वाचला जातो. नवरा-नवरीला तो शोभतोही. पण पौलाने तो लिहिला होता पंगतीत गरिबाला उपाशी ठेवणाऱ्या, ज्ञानाचा तोरा मिरवणाऱ्या मंडळीसाठी. तो बाराव्या आणि चौदाव्या अध्यायांच्या मध्ये ठेवून पुन्हा एकदा वाचून पाहा. स्वर्गात काय उरेल हे पौल त्या भांडखोर माणसांना सांगत होता ते त्यांनी आज एकमेकांशी नीट वागावं म्हणून, आणि तो सल्ला ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही तितकाच लागू आहे.